सीतेची गाणी आणि आत्याचं कार्ड

त्या दुपारी आत्या चिंच फोडत बसली होती. 2010 चा मे महिना. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर, कूलरच्या ताट्या नुकत्याच भिजलेल्या, माजघरभर वाळ्याचा वास. आत्यापुढे तीन ढीग होते: चिंचेचा गर, टरफलं आणि चिंचोके. चिंचोक्यांचा ढीग ती नेहमी निगुतीनं वेगळा ठेवायची.

माझी भाची तेव्हा पुण्याला ॲनिमेशन शिकत होती. सुटीत आली ती पेन ड्राइव्हवर एक सिनेमा घेऊन. "आत्याआजी, रामायण आहे बरं का, पण चित्रांचं," असं म्हणत तिनं पाटावर लॅपटॉप ठेवला. आत्यानं पदराला हात पुसले, चष्मा लावला. रामायण म्हटलं की आत्या काहीही पाहायला तयार असे. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते, ती पाहायला ती दर वर्षी उन्हं कलायच्या आधीच रस्त्याच्या कडेला जागा धरून उभी राहायची. चित्ररथ एकामागून एक जात, आणि ती प्रत्येकातल्या सीतेला नमस्कार करी. रामाला करायचीच, पण सीतेला वेगळा.

सिनेमा सुरू झाला. समुद्रातून लक्ष्मी वर आली. मोराच्या आकाराच्या ग्रामोफोनवर तबकडी फिरायला लागली, अडकली, पुन्हा फिरली. मग मोठाल्या डोळ्यांची, बारीक कमरेची सीता आली आणि तोंड उघडून गायला लागली. शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला आवाज, जुन्या रेकॉर्डची खरखर, आणि शब्द इंग्रजी.

आत्या थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे सीता इंग्रजी गाऊन राहिली का गं?"

"हो आत्याआजी. थांबवू का?"

"राहू दे नं. रडणं काय मराठीतच असते का?"

त्या एका वाक्यासाठी मी आज हे सगळं लिहिते आहे. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी तो सिनेमा किती वेळा पाहिला, मोजलेलं नाही. पण दर वेळी चित्रांच्या मागं मला चिंच फोडल्याचा आवाज येतो.

सिनेमाचं नाव 'सीता सिंग्ज द ब्लूज'. नीना पेली नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीनं तो केला. 'केला' म्हणजे अक्षरशः तिनं एकटीनं. लिहिणं, चित्रं काढणं, ती हलवणं, जोडणं, सगळं घरच्या संगणकावर, फ्लॅश नावाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये. आवाज आणि पार्श्वसंगीताला दुसरी माणसं होती, पण पडद्यावर जे हलतं ते बहुतेक सगळं एका बाईच्या हातचं. लांबी 82 मिनिटं. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर 1 लाख 18 हजारांवर चौकटी होतात, हा हिशेब भाचीनं मला कागदावर मांडून दाखवला. प्रत्येक चौकट नव्यानं काढावी लागत नाही, हेही तिनंच समजावलं. हात, डोळे, कंबर असे सुटे तुकडे करायचे, ते सांध्यांवर फिरवायचे, मधल्या हालचाली संगणकाकडून भरून घ्यायच्या. तरीही काही वर्षं खुर्चीत बसून एकच गोष्ट करत राहायला काय लागत असेल, हे मला त्या हिशेबानंतर थोडं कळलं. याआधी 1992 मध्ये जपान आणि भारत यांनी मिळून रामायणाचा एक मोठा चित्रपट केला होता, युगो साको आणि आपले राम मोहन यांचा. त्यामागे चित्रकारांची फौज होती. इथं एक बाई आणि एक टेबल.

टेबलाशी ती का बसली, ते सिनेमातच आहे. 2002 मध्ये तिच्या नवऱ्याला तिरुवनंतपुरमला काम मिळालं. ती मागून तिथं गेली. रामायण तिनं वाचलं ते त्याच मुक्कामात. पुढं कामासाठी काही दिवस न्यूयॉर्कला गेली, आणि नवऱ्याचा ईमेल आला. परत येऊ नकोस.

हा भाग सिनेमात अगदी कच्च्या, थरथरत्या रेघांनी काढलेला आहे. रेघ एका जागी ठरतच नाही. बाकी सिनेमात चित्रांचे आणखी तीन-चार ढंग आहेत. संवाद येतात तिथं जुन्या लघुचित्रांसारखी एका बाजूनं दिसणारी माणसं, गाणी येतात तिथं गुळगुळीत, गोलाईच्या आकृत्या, आणि कथा सांगायला तीन छायाबाहुल्या. अग्निपरीक्षेच्या वेळी तर सगळं सोडून एक नाच येतो, ज्वाळा आणि नाचणारी बाई यांत फरक राहत नाही. मला सगळ्यात भावते ती ती थरथरणारी रेघ. देवांच्या गोष्टीला सोनेरी महिरपी, आणि स्वतःच्या गोष्टीला पेन्सिलचा खरडा. आपलं दुःख सीतेच्या शेजारी मांडताना तिनं ते सीतेएवढं मोठं करून दाखवलं नाही. त्या खरड्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला.

ईमेलचं चित्र आलं तेव्हा आत्यानं विचारलं, "काय लिहिलं त्यानं?"

मी सांगितलं. "येऊ नको म्हणून लिहिलं."

आत्याचे हात थांबले. अर्धी सोललेली चिंच हातात तशीच. पडद्यावर गोष्ट पुढं गेली, आणि आत्या कुठंतरी तिथंच राहिली होती. बऱ्याच वेळानं, अगदी सहज, भाजी काय करायची असं विचारावं तशी म्हणाली, "मले कार्ड आलं होतं."

आत्याच्या नवऱ्यानं तिला सोडलं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते कसं, हे कोणी कधी बोललं नव्हतं. ती 1934 ची. 1951 मध्ये लग्न झालं, 1954 च्या दिवाळीला माहेरी आली, आणि मग इथंच. आम्ही पोरं जन्मलो तेव्हा ती घरात होतीच, भिंतीतल्या कोनाड्यासारखी. तिचं सासर इटारसीकडे आहे एवढं ऐकून होतो. त्या दुपारी ती उठली, फडताळातून पत्र्याचा डबा काढला, त्यातल्या पोथीत ठेवलेलं पोस्टकार्ड आणून माझ्या हातात दिलं. शाई तपकिरी पडली होती. मजकूर तीन ओळींचा. "येथे जागेची अडचण आहे. सध्या येऊ नये. पुढे कळवू."

पुढे कळवू.

पत्त्यावर आत्याचं एक नाव होतं, ते मी आधी कधी ऐकलेलंच नव्हतं. लग्नात तांदळावर लिहून ठेवलेलं, सासरचं. आमच्या घरात तिला त्या नावानं कोणी हाक मारली नाही. ते नाव फक्त त्या कार्डावर उरलं होतं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कारण तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. 56 वर्षं ही बाई कुंकू लावत होती. वटपौर्णिमेला महालातल्या वडाला सूत गुंडाळून येत होती. तो माणूस जिवंत आहे की नाही हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे कुंकू ठेवायचं की पुसायचं, एवढं कळवायचं सौजन्यसुद्धा त्या माणसानं दाखवलं नाही. माझा तोल गेला. मी त्याला नाही नाही ते बोलले. आणि तिलाही बोलले, की तू का केलेस उपास, कोणासाठी?

लॅपटॉपवर नेमका तोच वाद चालू होता. हा योगायोग मी घडवलेला नाही, सिनेमाच तसा आहे. त्यातल्या तीन छायाबाहुल्या म्हणजे तीन आजची भारतीय माणसं, रामायण जसं आठवेल तसं सांगणारी. त्यांच्यापुढे संहिता नाही. आपल्या घरात चार माणसं बसून गोष्ट सांगायला लागली की जे होतं तेच त्यांचं होतं. एक म्हणतो असं झालं, दुसरी म्हणते छे, तसं नव्हतं. सगळं त्यागून वनवासाला निघालेल्या सीतेकडे वाटेत टाकायला दागिने आले कुठून? हनुमान न्यायला आला होता, तर ती त्याच्याबरोबर गेली का नाही? गेली असती तर युद्धच टळलं असतं ना? आणि मग मुख्य प्रश्न: ज्यानं टाकलं त्याच्यावर जीव टाकत राहणं याला मोठेपण म्हणायचं की खुळेपण? बाहुल्यांमधली बाई म्हणते की आपली मैत्रीण असं करायला लागली तर आपण तिला समज देऊ.

मी हेच आत्याला म्हटलं. आत्यानं कार्ड माझ्या हातातून घेतलं, पोथीत ठेवलं, आणि म्हणाली, "माया लागली का लागली बाई. ते काय चिंच आहे, चिंचोका काढून बाजूला ठेवला?"

आणि पुन्हा खाली बसून चिंच फोडायला लागली. काही वेळानं गुणगुणायला लागली. मौद्याकडे तिचं आजोळ, तिथं लहानपणी पहाटे जात्यावर आजीच्या मांडीशी बसून ऐकलेलं:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीताबाई, राम हलक्या दिलाचा

ही ओवी मला माहीत होती, पुस्तकातून. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ती म्हणतात. पण छापलेली ओवी आणि 76 वर्षांच्या तोंडची ओवी यांत अंतर आहे. रोज पोथीतल्या रामाला हात जोडणारी, शोभायात्रेत रथाच्या चाकाखालची धूळ कपाळाला लावणारी बाई शांतपणे म्हणत होती की राम सीतेच्या तोलाचा नव्हे, मनानं हलका. तिला त्यात काही विपरीत वाटत नव्हतं. भक्ती एका हाताला आणि गाऱ्हाणं दुसऱ्या हाताला, जात्याचा खुंटा मात्र एकच.

तेव्हा मला कळलं की अमेरिकेतल्या त्या बाईनं जे केलं ते आपल्याकडे किती जुनं आहे. आपलं दुःख सांगायला जागा नसते. सासू ऐकते, नणंद ऐकते, भिंतीला कान असतात. मग बाई सीतेचं नाव घेते. सीतेला वनवास झाला असं गाते, आणि ऐकणाऱ्या बायांना बरोबर समजतं की आज हिच्या घरात काय झालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना सीता इतक्या वेळा भेटते की ती अयोध्येची राणी आहे हे विसरायला होतं, शेजारच्या आळीतली वाटते.

नीना पेलीला तिची ओवी सापडली ती एका जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्याच्या घरी. नवरा गेला, राहायला धड जागा नाही, आज इथं उद्या तिथं असं चाललेलं. तिथं तिनं ॲनेट हॅनशॉ ऐकली. ही 1920 च्या दशकात गाजलेली अमेरिकन गायिका. गाणी साधी, प्रेमाची. तो गेला, तो वाईट वागतो, तरी तोच हवा, परत ये. नीनाला वाटलं, ही तर सीताच गाते आहे. म्हणून सिनेमात सीतेचा गाता गळा हॅनशॉचा. दंडकारण्यात, अशोकवनात, चितेपुढे, वाल्मीकींच्या आश्रमात, सगळीकडे हाच आवाज.

पण इथं एक गोष्ट झाली जी जात्यावर कधी झाली नसती.

हॅनशॉ 1985 मध्ये वारल्या होत्या. गाणी सत्तर-ऐंशी वर्षं जुनी. तरीही त्या गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क कंपन्यांकडे होते. फेब्रुवारी 2008 मध्ये सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ॲनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला पूर्ण लांबीच्या चित्रपटांतलं पहिलं पारितोषिक मिळालं. पण तो थिएटरात लावायचा, विकायचा, तर गाण्यांचे पैसे आधी मोजा. तिच्याकडे मागितलेली रक्कम सुरुवातीला तिच्या आवाक्यापलीकडची होती. घासाघीस होऊन ती 50 हजार डॉलरच्या घरात आली, तीही तिनं कर्ज काढून भरली. आणि मग मार्च 2009 मध्ये तिनं सिनेमा सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला. कोणीही उतरवून घ्या, दाखवा, वाटा. पुढं 2013 मध्ये तर तिनं त्यावरचे आपले उरलेसुरले हक्कही सोडले. माझ्या भाचीच्या पेन ड्राइव्हवर तो आला तो त्याच वाटेनं, चोरून नव्हे.

हे मला त्या सिनेमातल्या कुठल्याही चित्राएवढंच मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या कायद्यातही लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. त्याला माझा विरोध नाही, लिहिणाऱ्याच्या घरी चूल पेटायला हवी. पण ज्या बाईनं ते गाणं जीव तोडून गायलं तिच्या हाती त्यातलं काही उरलेलं नसतं, आणि ज्या बाईला ते ऐकून जगावंसं वाटलं तिला ते गुणगुणायचे पैसे पडतात, हे मला कुठंतरी टोचतं. आत्याच्या आजीनं ती ओवी कोणाकडून घेतली? जिच्याकडून घेतली तिनं ती कोणाकडून? प्रत्येकीनं एखादा शब्द बदलला असेल, आपल्या घरचं एखादं माणूस त्यात बसवलं असेल. कोणी कोणाला विचारलं नाही. नीना पेलीनं सिनेमा सोडून दिला तेव्हा ती त्या बायांच्या रांगेत येऊन बसली, असं मी मानते.

या सिनेमावर आपल्या लोकांनी आक्षेपही घेतले. परक्या बाईनं आमच्या सीतेला असं का काढावं, असे. मला ते आक्षेप झटकून टाकायचे नाहीत. पहिल्यांदा पाहताना मीही आत्याकडे बघत होते, तिला लागेल का म्हणून. आणि माझी स्वतःची एक तक्रार आहेच. या सिनेमात रामाच्या दुःखाला फार थोडी जागा मिळाली आहे. तो रुबाबदार आहे, निळा आहे, निष्ठुर आहे, आणि बहुतेक तेवढाच आहे. टाकणाऱ्याचंही काही तुटतं का, हा प्रश्न तिनं फार विचारला नाही. ज्या थरथरत्या रेघेनं ती स्वतःला काढते त्या रेघेनं तिनं रामाला एकदा काढायला हवं होतं.

पण सीतेची गोष्ट बदलून सांगायचा अधिकार कोणाला, असं कोणी म्हटलं की मला आपल्या विदर्भाचा भवभूती आठवतो. आठव्या शतकातला. आपण विदर्भातल्या पद्मपूरचे, असं तो स्वतः सांगतो. ते पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं, असं वा. वि. मिराशींनी दाखवून दिलं. मिराशी आपल्या नागपुरातच संस्कृत शिकवत. तर या भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'ची सुरुवात कशानं होते? चित्रांनी. गरोदर सीतेचं मन रमावं म्हणून लक्ष्मण तिला तिच्याच आयुष्याची चित्रं दाखवतो. राम, सीता आणि लक्ष्मण एकेका चित्रापुढे थांबत जातात. अग्निशुद्धीचा नुसता उल्लेख निघतो आणि राम लक्ष्मणाला अडवतो: जन्मतःच जी पवित्र, तिला आणखी कशानं पवित्र करायचं? मग लग्नाची, नव्या संसाराची चित्रं येतात आणि तो म्हणतो, "ते हि नो दिवसा गताः." ते आपले दिवस गेले. चित्रं पाहून थकलेली सीता त्याच्याच दंडावर डोकं ठेवून झोपते. आणि ती झोपेत असतानाच रामाचा हेर दुर्मुख लोकापवाद घेऊन येतो.

हे मी एम.ए.ला परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आत्याच्या त्या दुपारनंतर ते पुन्हा उघडलं, आणि तिसऱ्या अंकाशी येऊन अडले. सीता पुन्हा दंडकारण्यात येते, पण कोणाला दिसत नाही. रामही तिथं आलेला, जुन्या जागा पाहून मूर्च्छित पडतो, आणि ती न दिसणारी सीता त्याला हात लावून शुद्धीवर आणते. या अंकाचं नावच छाया. बाराशे वर्षांपूर्वी आमच्याच मातीतल्या माणसानं, टाकलेल्या बाईला छाया करून, तिच्या नवऱ्याचं रडणं तिला ऐकवलं. त्यानं शेवटसुद्धा बदलला. वाल्मीकींची सीता धरणीत जाते, भवभूतीची सीता रामाला परत मिळते. त्याला ते तसं सहन झालं नसणार, असं मला वाटतं. कोणी त्याला भवभूतीपण नाकारलं नाही.

आणि रामटेक तर आमच्या उंबऱ्यावर. दर त्रिपुरी पौर्णिमेला आत्या मला घेऊन रामटेकच्या पॅसेंजरनं जायची, जत्रेला. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगत राहिला तो हाच डोंगर, असं मिराशी सांगत आले. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात तो डोंगर कसा, तर 'जनकतनयास्नानपुण्योदकेषु', जनकाच्या लेकीच्या स्नानानं जिथली पाणी पुण्य झाली तसा. नाव रामाचं, पण पाणी पवित्र झालं ते सीतेमुळे. शाळेत हे शिकले तेव्हा धावत येऊन आत्याला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग? आमाले माहीत आहे नं ते." कुठून माहीत, देव जाणे.

सिनेमा संपत आला. सीतेनं धरणीला साद घातली, जमीन दुभंगली. माझी भाची डोळे पुसत होती, आणि पोरीनं लाजू नये म्हणून मी उठून कूलरमध्ये पाणी टाकून आले. परत आले तेव्हा पडद्यावर क्षीरसागर होता. शेषावर या वेळी लक्ष्मी पहुडली होती आणि विष्णू तिचे पाय चेपत होता.

आत्यानं त्या चित्राला हात जोडले.

मग म्हणाली, "या सिनेमात एक बरं केलं. सीतेले एकटीले दाखवलं. आपल्या रथावर ते दर साली रामाच्या बाजूले बसून असते."

मी म्हटलं, "आत्या, एकट्या सीतेचं देऊळ आहे. यवतमाळकडे, रावेरीला. जाऊ या आपण."

राळेगाव तालुक्यातलं हे गाव. तिथं सांगतात की रामानं टाकलेली सीता फिरत फिरत तिथं आली, तिथंच बाळंत झाली. बाळंतिणीनं घरोघर पसाभर गहू मागितला, आणि गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही. आणि म्हणे कित्येक पिढ्या त्या गावात गहू पेरला गेला नाही, अलीकडे संकरित बियाणं आलं तेव्हा कुठं पिकायला लागला. ते पडीक देऊळ शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुन्हा उभं केलं. त्यांनीच लक्ष्मीमुक्ती नावानं मोहीम चालवली होती: शेतकऱ्यांनो, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करून द्या, कोणी सांगायच्या आधी, आपल्या हातानं. सीतेचं देऊळ आणि सातबारावरचं बाईचं नाव यांचा संबंध ज्या माणसाला दिसला, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आत्याच्या नावानं जगात काय होतं? पत्र्याचा एक डबा.

जाऊ जाऊ म्हणत आम्ही गेलो नाही. कधी माझी परीक्षेची ड्यूटी, कधी तिचे गुडघे. दोन वर्षांनी ती गेली. सवाष्ण म्हणून पाठवायची की कशी, यावर घरात कुजबुज झाली. माझ्या आईनं कोणालाही न विचारता मळवट भरला.

डबा माझ्याकडे आला. कार्ड पोथीतच होतं, त्याच पानात. डब्याच्या तळाशी मूठभर चिंचोके होते, घासून गुळगुळीत झालेले, आम्ही लहानपणी चौसर खेळायचो ते. एका अंगानं पांढरे, एका अंगानं काळे.

रावेरीला मी गेले ती त्यानंतरच्या जानेवारीत, एकटीच. हिंगणघाटच्या पुढं वडकी, तिथून राळेगावचा रस्ता. येताना महालातल्या किराणा दुकानातून गहू घेतला होता आणि घरच्या पितळी शेराच्या मापानं न मोजता दोन्ही हातांनी पसाभर काढून फडक्यात बांधला होता. देवळात दुपारची वेळ, फारसं कोणी नव्हतं. सीतेच्या बाजूला राम नाही हे माहीत असूनही माझी नजर आधी त्या रिकाम्या जागेकडेच गेली. मी बराच वेळ बसले. ओवी म्हणावी असं मनात होतं, पण आवाज निघाला नाही. मग मोबाइलवर ते हॅनशॉचं गाणं अगदी बारीक आवाजात लावलं, आणि पायऱ्या झाडणारी एक म्हातारी बाई झाडू टेकवून ऐकत उभी राहिली.

"कोण गाऊन राहिली?" तिनं विचारलं.

"सीता," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जशी काही तिला ओळख पटली. मी फडकं सोडून गहू पुढं ठेवला. तो कोणाच्या नावानं ठेवते आहे, असं तिनं विचारलं. मी आत्याचं माहेरचं नाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा नं बाई."

"एवढंच आहे," मी म्हटलं.